डोक्यातला प्राध्यापक, हातातली आग

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांपुढे कॉमिक्समधल्या एका नायकावर तासभर बोलायचं, हे काही जणांना जरा विचित्र वाटेल. आमचं म्हणणं एवढंच आहे की, आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकापुढे जो प्रश्न उभा आहे, तो या कॉमिक्सने पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी चित्रांत मांडून ठेवला आहे. त्याचं उत्तर मात्र त्याला नीट देता आलं नाही. प्रश्न चांगला का होता आणि उत्तर कुठे फसलं, हे दोन्ही आज आपण पाहू.

त्या नायकाचं नाव फायरस्टॉर्म. त्याच्या डोक्यावर केसांच्या जागी ज्वाळा आहेत. इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ आणि मँड्रेक मराठी घरांत पोचले, तसा हा पोचला नाही. तुमच्यापैकी काहींनी तो 'द फ्लॅश' किंवा 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' या टीव्ही मालिकांत पाहिला असेल. म्हणून आधी गोष्ट सांगतो.

डीसी कॉमिक्सने 'फायरस्टॉर्म, द न्यूक्लियर मॅन' हा अंक काढला, त्याच्या मुखपृष्ठावर महिना आहे मार्च १९७८. लेखक गेरी कॉनवे, चित्रकार अ‍ॅल मिलग्रोम. रॉनी रेमंड हा न्यूयॉर्कमधला शाळकरी मुलगा. अंगाने दणकट, खेळात पुढे, अभ्यासात यथातथा. वर्गातल्या एका मुलीवर छाप पाडावी म्हणून तो अणुऊर्जेच्या विरोधातल्या एका गटात जातो. त्या गटाचा म्होरक्या निघतो घातपाती. नव्या अणुवीज प्रकल्पात स्फोट घडवायचा त्याचा डाव असतो, आणि रॉनी त्यात अडकतो. हा प्रकल्प ज्यांनी उभारला ते मार्टिन स्टाइन, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ, तेही त्या वेळी तिथेच असतात, बेशुद्ध पडलेले. स्फोट होतो आणि मुलगा व प्राध्यापक मिळून एकच देह तयार होतो. तो फायरस्टॉर्म.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. स्फोटाच्या क्षणी रॉनी शुद्धीवर होता, स्टाइन नव्हते. त्यामुळे देहाचा ताबा रॉनीकडे. स्टाइन उरतात ते नुसता आवाज म्हणून. चित्रात ते फायरस्टॉर्मच्या डोक्याशेजारी एका धूसर, तरंगत्या चेहऱ्याच्या रूपात दिसतात. ते फक्त वाचकाला आणि रॉनीला दिसतात, बाकी कुणाला नाही. बाकीच्या जगाला वाटतं, हा ज्वाळांच्या केसांचा गडी स्वतःशीच बडबडतो आहे.

शक्ती काय? उडणं आणि आगीचे लोळ फेकणं हे तर आहेच. खरी शक्ती वेगळी आहे. समोरच्या वस्तूतल्या अणुरेणूंची मांडणी तो बदलू शकतो, एका पदार्थाचा दुसरा करू शकतो. पण काय बदलून काय करायचं, त्याची रचना कशी असते, हे ठाऊक असायला हवं. ते ठाऊक आहे स्टाइनना. रॉनीला त्यातलं काहीच येत नाही. म्हणजे शक्ती वापरण्याचा हक्क एकाकडे आणि ती वापरण्याचं ज्ञान दुसऱ्याकडे. आणखी एक नियम आहे: सेंद्रिय पदार्थांवर, सजीवांवर, ही शक्ती वापरायची नाही. वापरली तर उलटते. या नियमाकडे आपण शेवटी येऊ.

कॉनवेने ही मांडणी कुठून आणली असेल? याआधी त्याने स्पायडर-मॅन लिहिला होता. तिथला पीटर पार्कर हुशार, चष्मेवाला, आणि फ्लॅश थॉम्पसन हा त्याला छळणारा खेळाडू. फायरस्टॉर्ममध्ये हे बरोबर उलटं झालं आहे. इथे छळणारा क्लिफ कारमायकल हा हुशार मुलगा, आणि टोमणे खाणारा रॉनी हा खेळाडू. हुशार मुलाला बळ मिळतं ही गोष्ट सगळ्यांनी वाचलेली होती. बळ असलेल्या मुलाला अक्कल उसनी मिळाली तर काय होईल, हा प्रश्न नवा होता. उसनी हा शब्द ध्यानात ठेवा.

आता हा अंक जरा बाजूला ठेवू आणि त्याच १९७८ सालाकडे दुसऱ्या खिडकीतून पाहू. त्याच वर्षी ब्रायन कर्निहान आणि डेनिस रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक निघालं. तुमच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रोग्रॅम, पडद्यावर जगाला दोन शब्दांत नमस्कार करणारा, त्या पुस्तकामुळे जगभर रूढ झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० असे तीन घरगुती संगणक बाजारात आले. रॉनीच्या वयाच्या मुलांच्या हातात पहिल्यांदाच संगणक आला तो असा.

ती मुलं शिकली कशी? बरीचशी टाइप करून. डेव्हिड अहल यांच्या 'बेसिक कॉम्प्युटर गेम्स' या पुस्तकाची घरगुती संगणकांसाठीची आवृत्ती १९७८ चीच. त्यात खेळांचे प्रोग्रॅम छापलेले असत. मुलगा पुस्तक मांडीवर ठेवून ओळीमागून ओळ टाइप करायचा. बहुतेक ओळींचा अर्थ त्याला कळायचा नाही. पण शे-दीडशे ओळींत कुठेतरी एक स्वल्पविराम राहायचा, शून्याच्या जागी ओ पडायचा, आणि खेळ चालायचा नाही. मग शोधायचं. कुठे चुकलं हे शोधताना, ही ओळ इथे काय करते आहे, असं स्वतःला विचारावंच लागायचं. दहावीस खेळ टाइप केल्यावर पोरगं त्यात फेरफार करू लागायचं. शत्रूची जहाजं तीनऐवजी तीस केली तर? संख्या वाढवायची, चालवून बघायचं. शिकण्याचा रस्ता हाच होता. नक्कल करायची, नक्कल फसली की दुरुस्त करायची, आणि दुरुस्त करता करता समजून घ्यायचं.

त्या मुलाकडे हात होते, आवाज नव्हता. विचारायला कुणी नव्हतं. रॉनीचं उलट. त्याच्याकडे हात आहेत आणि आवाजही आहे. पण तो आवाज कसा आहे ते बघा. तो बोलू शकतो, करू काहीच शकत नाही.

आमच्या मते या कॉमिक्सचं खरं यश इथे आहे. स्टाइनना हात नाहीत. पूल कोसळतो आहे, खाली माणसं आहेत, आणि काय करायला हवं हे स्टाइनना पुरतं कळलेलं आहे. तरी त्यांना ते स्वतः करता येत नाही. त्यांना ते शब्दांत मांडावं लागतं, झटपट मांडावं लागतं, आणि ज्याला रसायनशास्त्राचा गंध नाही अशा पोराला कळेल असं मांडावं लागतं. रॉनी अर्धवट ऐकतो, मध्येच विनोद करतो, कधी वाद घालतो, कधी भलतंच करून बसतो. प्राध्यापक वैतागतात. पण ज्ञान जगात उतरायचं असेल तर ते रॉनीच्या डोक्यातूनच जाणार, दुसरी वाट नाही. शिकवणं म्हणजे काय याचं इतकं नेमकं चित्र आम्हांला शिक्षणावरच्या जाडजूड पुस्तकांतही क्वचित दिसतं. जाणकाराचे हात बांधा आणि शिकणाऱ्याचे मोकळे ठेवा, एवढंच ते चित्र सांगतं.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे पुढे वेगळ्या नावाने आलं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग नावाची कामाची रीत मांडली. तिच्यात पेअर प्रोग्रॅमिंग आहे: एका संगणकापुढे दोघं बसतात. एक जण चालक, त्याचे हात की-बोर्डवर. दुसरा वाटाड्या. तो बघतो, बोलतो, पुढचं वळण सांगतो. आणि नव्या माणसाला शिकवायचं असेल तर जाणत्याने वाटाड्या व्हावं, की-बोर्ड नव्याकडे द्यावा, हा शहाणपणाचा संकेत. कारण जाणत्याच्या हाती की-बोर्ड गेला की तो सुसाट सुटतो आणि नवा माणूस शेजारी बसून मान डोलावतो. तुम्हीही हे पाहिलं असेल. लॅबमध्ये मित्राला म्हणता, अरे, जरा दाखव ना. तो म्हणतो, सरक, मी करतो. दोन मिनिटांत प्रोग्रॅम चालतो. तुम्ही त्याला चहा पाजता. शिकलात काय? काही नाही.

आता आजच्या दिवसावर येऊ. २०२१ साली कोपायलट आला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आला. आज तुमच्या खिशात स्टाइन आहे. केव्हाही हाक मारा, हजर. कॉमिक्समध्येही असंच होतं. रॉनीच्या मनात आलं की स्टाइन जिथे असतील तिथून ओढले जात, हातातलं काम टाकून. तुलना इथपर्यंत इतकी जुळते की पुष्कळ जण इथेच थांबतील आणि म्हणतील, बघा, कॉमिक्सने भविष्य सांगितलं होतं. आम्ही इथे थांबणार नाही. कारण ती जिथे जुळत नाही, तिथेच आपल्या कामाची गोष्ट आहे.

तुमच्या खिशातल्या स्टाइनला हात आहेत. तो नुसतं सांगत नाही, करून देतो. अख्खा प्रोग्रॅम लिहून देतो, चालवून देतो, चूक आली तर स्वतःच दुरुस्त करतो. तेव्हा ज्ञान त्याच्याकडे, हातही त्याच्याकडे. तुमच्याकडे काय उरतं? फक्त इच्छा. मला अमुक हवं, एवढंच म्हणायचं. रॉनीच्या डोक्यातून जी वाट जात होती, ती वाट आता बाहेरून वळवली आहे. रॉनी निदान वैतागत तरी ऐकत होता. तुम्हांला ऐकायचीही गरज नाही.

हे हवेतलं वाटू नये म्हणून एक साधं उदाहरण घेऊ. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला असाइनमेंट मिळते: फाइलमधून विद्यार्थ्यांची नावं आणि गुण वाचायचे आणि क्रमवारी लावायची. तो यंत्राला सांगतो, कोड येतो, कोड चालतो. जर्नलमध्ये तो व्यवस्थित उतरतो, सबमिशन वेळेत होतं, सही मिळते. मग ओरलला बाहेरून आलेले परीक्षक विचारतात: दोघांचे गुण सारखे असले तर तुझा प्रोग्रॅम काय करतो? फाइलच्या शेवटी रिकामी ओळ असली तर? गुणांच्या जागी 'गैरहजर' लिहिलं असलं तर? तिन्ही प्रश्न सोपे आहेत. ज्याने ती फाइल स्वतःच्या हाताने उघडली, रिकाम्या ओळीवर ज्याचा प्रोग्रॅम एकदा कोसळला, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही. ज्याचा कधी कोसळलाच नाही, तो परीक्षकांकडे बघत राहतो. खरं सांगायचं तर त्या मुलाने चोरी केलेली नाही, फसवणूकही केलेली नाही. त्याच्या हातून काही घडलेलंच नाही. म्हणून सांगण्यासारखंही त्याच्याजवळ काही नाही.

आता दुसरी बाजू मांडायला हवी, नाहीतर हे भाषण म्हाताऱ्यांच्या तक्रारीसारखं होईल. पूर्वी आवाज नव्हता असं आम्ही म्हटलं. ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नव्हतं. काहींच्या घरात स्टाइन होता. कुणाचा मामा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, कुणाची ताई अमेरिकेत, कुणाचे वडील इंजिनिअर. अडलं की फोन. आणि तालुक्याच्या गावातून मराठी माध्यमात बारावी करून आलेली मुलगी? वर्गात इंग्रजी सुसाट चाललेलं, पुस्तक इंग्रजी, चुकीचा संदेशही इंग्रजी. हात वर करून विचारायचं तर वाक्य जुळवण्यातच तास संपतो. तिला आज रात्री अकरा वाजता मराठीत विचारता येतं की, पॉइंटर म्हणजे नक्की काय, मला घराच्या पत्त्याचं उदाहरण देऊन सांग. आणि कुणी हसत नाही. ही गोष्ट लहान नाही. जे या मुलीला म्हणतील की यंत्राला हात लावू नकोस, त्यांच्या घरात बहुधा स्टाइन असतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी दाखवून दिलं होतं की, मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकतं, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातच शिकणं घडतं. मदत हवीच. मदतीनंतर तो पट्टा पुढे सरकला का, हे मात्र बघायचं.

हीच कसोटी घेऊन कॉमिक्सकडे परत जाऊ. फायरस्टॉर्म दुभंगतो, आग विझते, मुलगा आणि प्राध्यापक वेगळे होतात. तेव्हा रॉनीच्या पदरात काय उरतं? समीक्षा म्हणून आमचा या मालिकेवरचा मुख्य आक्षेप इथे आहे. पहिली मालिका पाच अंकांत बंद पडली. १९७८ साली डीसीने एकदम बरीच मासिकं गुंडाळली, त्यात हीही गेली. १९८२ मध्ये ती 'द फ्युरी ऑफ फायरस्टॉर्म' या नावाने पुन्हा सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली, शंभर अंक. रॉनी शाळेतून कॉलेजात गेला. पण विज्ञानात त्याची प्रगती? मालिकेने ती गोष्ट सांगायचीच टाळली. कारण उघड आहे. रॉनी शिकला तर स्टाइनची गरज उरत नाही, आणि स्टाइनची गरज उरली नाही तर मालिकेची गंमत जाते. दर महिन्याला अंक निघायला हवा, म्हणून दर महिन्याला रॉनीला न येणं भाग होतं. धंद्याला सोयीचं ते शिकणाऱ्याला घातक, अशी ही गाठ आहे. ज्या यंत्राला तुम्ही रोज परत यावं असं वाटतं, त्याच्याबद्दलही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

१९८७ साली जॉन ऑस्ट्रँडर लेखक म्हणून आले आणि त्यांनी ही गाठ सोडण्याऐवजी घट्ट ओढून दाखवली. स्टाइनना मेंदूचा असाध्य आजार झाल्याचं कळतं. जगासाठी काही करून जावं म्हणून ते रॉनीला सांगतात: अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघांनाही अण्वस्त्रं नष्ट करायला भाग पाड. फायरस्टॉर्म जगापुढे उभा राहून तशी मागणी करतो. मागणी उदात्त आहे. पण विचार कुणाचा? स्टाइनचा. हात कुणाचे? रॉनीचे. एवढा मोठा निर्णय, आणि तो ज्याच्या तोंडून निघतो त्याने त्यावर स्वतः डोकं खपवलेलं नाही. परिणाम काय होतो? दोन्ही महासत्ता त्याच्या मागे लागतात. सोव्हिएत बाजूने येतो मिखाईल आर्काडिन, चेर्नोबिलच्या दुर्घटनेतून शक्ती मिळालेला. त्याचं टोपणनाव पोझार, रशियन भाषेत त्याचा अर्थ आगडोंब. वाळवंटात दोघांची झुंज चालू असताना त्यांच्यावर अणुबॉम्ब पडतो, आणि रॉनी व आर्काडिन मिळून नवा फायरस्टॉर्म होतो. या नव्या फायरस्टॉर्मला सुरुवातीला आपण कोण हेसुद्धा ठाऊक नसतं. मालिकेच्या अखेरीस तर स्टाइन एकटेच आगीचं मूलतत्त्व बनून निघून जातात. रॉनी मागे राहतो, साधा माणूस म्हणून. पुढच्या काळात तो एकटा फायरस्टॉर्म म्हणून परततो खरा, पण आता डोक्यात आवाज नाही. शक्ती पूर्वीचीच, आणि सांगणारं कुणी नाही. शंभर अंक ज्ञानाच्या शेजारी काढल्यावर पदरात ज्ञान नाही, ही शोकांतिका आहे. गंमत म्हणजे मालिकेला ती आहे हे फारसं जाणवलेलं दिसत नाही.

टीव्हीवर मात्र एक चांगली दुरुस्ती झाली. 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' २०१६ मध्ये सुरू झाली. त्यात स्टाइनचा जोडीदार आहे जेफरसन जॅक्सन, सगळे त्याला जॅक्स म्हणतात. शाळेतला फुटबॉलपटू, अपघातात खेळ गेला, गॅरेजमध्ये मेकॅनिक झाला. लक्षात घ्या, जॅक्सला आधीपासून हातांची विद्या आहे. इंजिन खोलायचं, बिघाड शोधायचा, परत जोडायचं हे त्याला येतं. मालिकेत काळातून प्रवास करणारं एक जहाज आहे, आणि त्याच्या यंत्रांची देखभाल बघता बघता जॅक्सकडे येते. तिथे स्टाइन कामाला येत नाहीत, गॅरेज कामाला येतं. पुढे स्टाइनना नातू होतो, त्यांना घरी परतावंसं वाटतं, पण जोडी तुटली तर दोघांच्या जिवाला धोका. दोघांना सुखरूप वेगळं कसं करायचं या खटपटीत जॅक्स स्वतः उतरतो. ज्या आवाजामुळे आपल्याला शक्ती मिळते, त्याच आवाजापासून मोकळं होण्याचा मार्ग शिष्य शोधतो आहे. २०१७ साली स्टाइन गोळी लागून मरणपंथाला लागतात. जॅक्स त्यांच्याशी जोडलेला राहून त्यांना धरून ठेवतो, पण त्यामुळे तोही मरायला टेकतो. तेव्हा स्टाइन स्वतः औषध घेऊन जोडी तोडतात, म्हणजे पोरगा तरी जगावा. आग गेली. जॅक्स मात्र रिकाम्या हाताने गेला नाही. त्याच्याकडे त्याचं काम आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तुमच्या धंद्याच्या नीतीची आहे. सुरुवातीच्या अंकांत जोडी सुटली की स्टाइनना काहीच आठवत नसे. आपण कुठे होतो, काय केलं, कळायचं नाही. त्यांना वाटायचं, आपल्याला झटके येतात, आपलं डोकं फिरलं आहे. त्यांचं ज्ञान वापरून शहर वाचायचं, नाव फायरस्टॉर्मचं व्हायचं, आणि ते घरी डोकं धरून बसायचे. आज यंत्र तुम्हांला जो कोड देतं तो कुठून येतो? जगभरच्या हजारो प्रोग्रॅमरनी वर्षानुवर्षं फुकट लिहून खुला ठेवलेल्या कोडमधून, एकमेकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांतून. त्यांनाही ठाऊक नाही की आज रात्री त्यांच्या ज्ञानाने कुणाचं सबमिशन झालं. निदान तुम्ही तरी विसरू नका. जमेल तेव्हा त्या साठ्यात आपलं काही घाला. एखादी चूक कळवा, एखादी माहितीपुस्तिका मराठीत आणा. वाचून झाल्यावर उरलेल्यांसाठी काही ठेवणं ही आपल्याकडे ग्रंथालयांची जुनी रीत आहे, तीच इथे लावायची.

आता सेंद्रिय पदार्थांचा तो नियम. लेखकाच्या दृष्टीने तो सोयीचा आहे. नायक सर्वशक्तिमान झाला तर गोष्ट संपते, म्हणून कुंपण घातलं. फायरस्टॉर्म शिशाचं सोनं करील, पण जखम भरून काढू शकणार नाही, आणि कुणाचं डोकं हुशार करू शकणार नाही. त्याच्या स्वतःच्या देहात नोबेल मिळालेला प्राध्यापक बसला आहे, तरी ते ज्ञान रॉनीच्या मेंदूत आगीने उतरवता येत नाही. ते उतरायला वेळ लागतो, सराव लागतो, झोप लागते, चुका लागतात. प्रोग्रॅम क्षणात बदलतो, प्रोग्रॅमर क्षणात बदलत नाही. यात काही गूढ नाही. सायकल शिकताना किंवा तबला शिकताना आपण हे निमूटपणे मान्य करतो. संगणकासमोर बसलं की विसरतो, कारण समोरचं यंत्र फार वेगाने चालतं आणि आपणही तेवढ्याच वेगाने चालतो असा भास होतो.

मग करायचं काय? आम्ही उपदेशाची यादी देणार नाही. एकच सांगतो: तुमच्या स्टाइनचे हात बांधा. विचारा, भरपूर विचारा, लाज न बाळगता मराठीत विचारा. पण त्याला सांगा, कोड देऊ नकोस, मला समजाव. दिलाच कोड, तर तो चिकटवू नका, १९७८ च्या त्या पोरासारखा टाइप करा, आणि टाइप करताना ज्या ओळीवर अडाल तिथे थांबा. चाललेला प्रोग्रॅम मुद्दाम मोडून बघा. एक ओळ काढा, काय होतं ते आधी वहीत लिहा, मग चालवा. तुमचा अंदाज आणि पडदा यांच्यात जो फरक दिसेल, तो तुमचा त्या दिवसाचा धडा. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ जोडी सोडा. नेट बंद, फोन दुसऱ्या खोलीत, समोर एक लहानसा प्रश्न. सुरुवातीला चीड येईल, कारण किती कमी येतं ते दिसेल. पण जे दिसेल ते तुमचं स्वतःचं असेल.

शिक्षक मंडळींनाही एक विनंती. तपासताना चाललेल्या प्रोग्रॅमला कमी गुण द्या आणि मोडलेल्या प्रोग्रॅमच्या गोष्टीला जास्त द्या. कुठे अडलास, काय वाटलं होतं, काय निघालं, कसं सुधारलंस, हे विचारा. नीटनेटकी जर्नलं आपण पुष्कळ तपासली. ओरलच्या दहा मिनिटांत मूल काय बोलतं, त्याला यापुढे अधिक वजन द्यावं लागेल. वेळ लागेल, साठ मुलांच्या वर्गात तो काढणं कठीण आहे हे आम्हांला कळतं. पण तो नाही काढला तर आपण पदव्या देऊ त्या रॉनीच्या नावावर, आणि अभ्यास केलेला असेल स्टाइननी.

उद्या तुम्ही नोकरीला लागाल. रात्री दोन वाजता कुठल्यातरी बँकेची, रुग्णालयाची प्रणाली बंद पडेल आणि फोन तुम्हांला येईल. यंत्र तेव्हाही शेजारी असेल, ते चार उपाय सुचवील, आणि चारही ठाम आवाजात सुचवील. त्यातला कुठला खरा आणि कुठल्याने होतं तेही बिघडेल, हे ओळखायचं काम तुमचं. पलीकडे कुणाचा तरी पगार अडकलेला असेल, कुणाचा तरी रिपोर्ट थांबलेला असेल. त्या वेळी लागणारी ओळख आत्ता, या दोन-तीन वर्षांत, फसलेल्या प्रोग्रॅमांतूनच जमा होत असते. ती जमवा. आणि सवड मिळाली तर फायरस्टॉर्मचे जुने अंक जरूर वाचा. रॉनीवर हसा, पण त्याचे हात पाहा. चुकत का होईना, ते हात त्याचेच आहेत.